पाकळीच्या ‘ल’बद्दल पेंटरकाकांना पत्र

पेंटरकाका,
सप्रेम नमस्कार.

पाटी लागून आठ दिवस झाले. रोज सकाळी वर्कशॉप उघडायच्या आधी मी त्या किराणा दुकानासमोर गाडी लावतो, पलीकडच्या कडेला उभा राहतो आणि पाटी वाचतो. नाव पाठ आहे, तरी वाचतो. पिवळ्यावर तांबडी अक्षरं, काळी शेड, आणि ते दोन ‘ल’!

दुकानदार माझ्याकडे आले ते दोन ठिकाणी हात पोळून घेऊनच. वडिलांच्या वेळची पत्र्याची पाटी गंजलेली, तशीच्या तशी नवी हवी होती. एकानं फ्लेक्स लावून दिला, तो एका उन्हाळ्यात पांढराफटक पडला. दुसऱ्यानं अ‍ॅक्रिलिकची अक्षरं लावली, आत लाईटसुद्धा. पण ‘ल’ हिंदीतला, उभ्या दांड्याचा. दुकानदारांच्या आईनं बघितलं आणि म्हणाल्या, “हे आपलं नाव न्हवं.” विचारायला गेल्यावर उत्तर मिळालं, “कॉम्प्युटरवर हाच येतो. आणि कोण बघतंय?”

ते ‘कोण बघतंय’ मला फार लागलं. आपल्या मराठीत ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा, हे शासनानं 2009 साली लेखी ठरवून दिलंय. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या दुकानदारांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा इथं कोल्हापुरातही माझ्याकडे कामांची रांग लागली होती. त्या घाईत मीही मिळेल तो फॉन्ट टाकून पाट्या पाठवल्या. आता रस्त्यानं जाताना त्यातली एकेक दिसते आणि मान खाली जाते.

म्हणून या पाटीसाठी तुमच्याकडे आलो. ब्रश ठेवून बारा वर्षं झाली म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला दारात हजर. जुन्या पाटीवर बोट फिरवत म्हणालात, “हा गडी डावखुरा. शेडचा फटकारा बघ कुठनं आलाय.” मी वीस वर्षं पाट्या करतोय, काका. पाटीत माणूस दिसतो हे मला त्या दिवशी कळलं.

पण आभार मानायचेत ते वेगळ्याच गोष्टीचे. पहिला ‘ल’ तुम्ही काढलात आणि दुसऱ्याला ब्रश माझ्या हातात दिलात. डावी पाकळी जमली, उजवी वळवताना हात कापला आणि रंगाचा ओघळ थेट खाली आला. तेवढ्यात दुकानदार बाहेर येताना दिसले. तुम्ही काही बोलला नाहीत. सरळ त्यांच्या आणि माझ्या मधे जाऊन उभे राहिलात, पाठ माझ्याकडे. “शेठ, चहा सांगा की दोन.” पाठीमागे धरलेल्या हातात रॉकेलचा बोळा होता, तो माझ्यापुढे केलात. मी पुसलं. ते आत गेल्यावर वळून एवढंच म्हणालात, “पुसलं की गेलं. घे परत.” तिसऱ्या खेपेला ‘ल’ आला. तोवर चहा गार झाला होता, तरी तुम्ही कप उचलला नव्हता.

माझ्या पहिल्या मालकानं अशाच चुकीला चार गिऱ्हाइकांसमोर माझ्या हातातली पट्टी हिसकावून घेतली होती. त्यानंतर हातानं अक्षर काढायची मी कधी हिंमतच केली नाही.

आपलं गाव बाबूराव पेंटरांचं. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता मेस्त्री घराण्यातल्या माणसाला ‘पेंटर’ हेच नाव पडलं, ते याच कोल्हापुरात. त्यांचं नाव राहिलं याचा अभिमान आहेच. पण एसटीच्या काचेमागची ‘कोल्हापूर–गारगोटी’ पाटी, लग्नघराच्या भिंतीवरचं ‘शुभविवाह’, दुधाच्या किटलीवरचं मालकाचं नाव, हे सगळं कुणी ना कुणी ऊन डोक्यावर घेऊन, श्वास रोखून काढलेलं असतं. आणि किती सुंदर असतं! कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘पेंटर अमुक’ दिसलं की मी आता थांबतो. तुम्ही मात्र या पाटीवर सही केली नाहीत. “दोन हातांची हाय, एकाचं नाव कसं टाकू?” म्हणालात.

दुकानदारांच्या आईंना खुर्ची टाकून बाहेर बसवलं होतं. त्यांनी पाटीकडे बघितलं, पदर डोळ्याला लावला आणि तुम्हाला विचारलं, “जेवून जाणार न्हवं?”

शेजारच्या पिठाच्या गिरणीचे मालक काल येऊन गेले. त्यांनाही पत्र्याचीच पाटी हवी आहे. पत्रा घासून ठेवलाय, रेड ऑक्साइडचा हात मारलाय. रविवारी सातला रिक्षा पाठवतो. चष्मा तेवढा आठवणीनं घ्या.

तुमचा,
पाटीवाला