आईच्या घरची छत्री

पुणे, रविवार

प्रिय सुध्या,

फेब्रुवारीत तुझा फोन आला, मी 'रात्री करतो' म्हणालो आणि आता जुलै लागला. रागावला असशील तर रागाव, तुझा हक्कच आहे. पण पत्र शेवटपर्यंत वाच. हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. सुमाला सांगितलं, तिने नीट ऐकूनही घेतलं, पण आमची पडवी आणि सातच्या ठोक्याला तिथे मांडलं जाणारं आईचं स्टूल तिने लहानपणापासून पाहिलेलं नाही. माझी तब्येत बरी आहे. बीपीची गोळी चालू.

तर मे महिन्यात गावी गेलो. संध्याकाळचे सात वाजले तरी आईने टीव्ही लावला नाही. म्हटलं, बातम्या? म्हणाली, डोकं दुखतंय. दुसऱ्या दिवशी म्हणाली, लाइटीचा भरवसा नाही. तिसऱ्या दिवशी मीच रिमोट हातात घेतला, तर पडद्यावर रिचार्ज संपल्याची पाटी. तारीख जानेवारीतली! मी नंबर बदलला, आठवणीचे मेसेज जुन्या नंबरावर जात राहिले आणि माझ्या डोक्यातून ते साफ गेलं. रोज साडेआठला मी फोन करायचो, 'बातम्या बघितल्यास का?' विचारायचो, आणि ती रोज म्हणायची, 'बघितल्या हो.' चार महिने! एकदा तर तिने मला कोकणात पाऊस कधी येणार तेही सांगितलं होतं. शेजारची पोरगी क्लासहून येताना थांबायची, तिच्याकडून दोन ठळक बातम्या विचारून ठेवायची. मला सांगायला हव्यात म्हणून.

विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, 'दोन-तीनशे रुपयांसाठी तुला कामातून कशाला उठवायचं?'

सुध्या, मला त्या रात्री झोप आली नाही. तुझी आई पडल्याचं आपल्याला दहाव्या दिवशी कळलं होतं, तेव्हा तू पायरीवर बसून जे बोललास ते मी तेव्हा नुसतं ऐकलं होतं. आता कळलं.

सकाळी उठून ठरवलं, माझ्या लक्षात राहण्यावर अवलंबून असलेला टीव्ही त्या घरात नको. डीडी फ्री डिश लावायची. एकदा डिश आणि टीव्हीला जोडायची सेट-टॉप डबी घेतली की महिन्याला एक पैसा नाही. दूरदर्शनने ही सोय २००४ च्या डिसेंबरात सुरू केली, म्हणजे वीस वर्षं होऊन गेली, आणि मी खाजगी कंपनीचे पैसे भरत बसलो होतो. सह्याद्री दिसते, शिवाय आकाशवाणीची केंद्रंही त्याच डबीवर लागतात. आईला तेवढं पुष्कळ.

तू म्हणशील, आपला जुना अँटेनाच का नाही चढवला? अरे, ज्याच्याकडे तोंड करून तो उभा करायचो ते जमिनीवरचे जुने ट्रान्समीटर दूरदर्शनने टप्प्याटप्प्याने बंद केले. डिजिटल ट्रान्समीटर आले ते मुंबई, संभाजीनगर अशा मोजक्या शहरांत. आपल्या खिंडीत कोण आणून लावणार? पण जुना अँटेना म्हटल्यावर राहवलं नाही, माळ्यावर चढलो. तीन नळ्या सापडल्या, चपट्या वायरीचा तुकडा सापडला आणि ज्याने नळी बांबूला बांधली होती तो तारेचा पीळ. आठवतंय ना, ५ नोव्हेंबर १९८७, वानखेडे, इंग्लंडविरुद्धची सेमीफायनल? गूचने स्वीप मारमारून ११५ केल्या, आपली बॅटिंग आली, आणि गावसकर चारवर त्रिफळाचीत झाला तेव्हा आपल्या पडद्यावर मुंग्या होत्या. बांबूवरचा अँटेना फिरला होता. गावसकरची ती शेवटची आंतरराष्ट्रीय मॅच. अख्खी वाडी आपल्यावर ओरडली, आणि तार कुणी ढिली बांधली यावरून तू आणि मी कित्येक दिवस बोलत नव्हतो. तर ऐक. सापडलेला पीळ डावखुऱ्याचा आहे. उलटा वळलेला आणि अजून घट्ट. म्हणजे टिकली ती तुझी बाजू, सुटली ती माझी. इतकी वर्षं मी तुला नावं ठेवली. हरलो, तुझंच खरं.

आता डिशचं. बाजारातला दुकानदार साठ सेंटिमीटरची गळ्यात मारत होता. मी नव्वदची घेतली. आपल्याकडचा पाऊस त्या भावाला काय माहीत नाही? हा सिग्नल ज्या लहरींवर येतो त्या जोरदार पावसात विरतात. ताटली मोठी असली तर जरा जास्त वेळ तग धरते. डबी एमपेग-फोर या नव्या पद्धतीची घेतली, कारण जुन्या एमपेग-टूच्या डबीवर सगळी चॅनेलं लागत नाहीत. आणि मागे लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांची भोकं आहेत की नाहीत ते बघून घेतली. आईचा टीव्ही जुनाच आहे आणि तो बदलायला ती तयार नाही. सगळं मिळून दोन हजारांच्या आत आलं.

लावायला पोरगा आला. त्याने पडवीच्या चिऱ्यात भोकं पाडली, शेजारच्या छतावरची छत्री बघितली आणि आपली तिच्याच दिशेला वळवली. डबी म्हणते, स्ट्रेंथ ८५, क्वालिटी शून्य. तो म्हणाला, 'काका, सिग्नल फुल आहे, थोडा वेळ थांबा.' दुसऱ्या घराला गेला तो परत आलाच नाही. मग मी बसलो. स्ट्रेंथला काही अर्थ नसतो रे, वायर नीट जोडली की ती दिसतेच. क्वालिटी आली तर उपग्रह सापडला. आणि शेजाऱ्यांची छत्री बघतेय दुसऱ्याच उपग्रहाकडे. आपला जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला, विषुववृत्तावर छत्तीस हजार किलोमीटर उंच. आपल्या गावातून तो आग्नेयेला दिसायला हवा, क्षितिजापासून सुमारे ५९ अंशांवर. म्हणजे चांगलाच वर. ज्या डोंगराने आपल्याला जन्मभर मुंग्या दाखवल्या, तो डोंगर आता आडवा येतच नाही!

नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला आणि पडवीतून आग्नेयेला ५९ अंश धरून बघितलं. समोर काय असेल सांग. तुझ्या अण्णांनी बांधलेलं आंब्याचं कलम.

तुमच्या परसातून आणलेलं, तू काखोटीला मारून आणलंस आणि माझ्या बाबांनी खड्डा खणला, तेच. आता नऊ-दहा मीटर झालंय. पडवीपासून चार मीटरांवर बुंधा, आणि एक जाड फांदी बरोबर त्या रेषेत. पानांचा ओला पडदा असला की सिग्नल आरपार येत नाही.

आई बाहेर आली, बघितलं आणि म्हणाली, 'तोड की फांदी. आंबा काय, पुढल्या वर्षी दुसरीकडे धरेल.' इतकं सहज! मी कोयती घेऊन फांदीखाली उभा राहिलो आणि परत आलो. अण्णांचा पाचर धरलेला अंगठा डोळ्यांसमोर आला. त्यांच्या हातचं आता गावात दुसरं काही शिल्लक नाही, तुमचं घरही नाही. तुला न विचारता मी ते करू शकलो नसतो, आणि तुला फोन करायचं तोंड नव्हतं.

मग डिशच हलवली. ५९ अंशांत अडथळा जितका लांब, त्याच्या दीडपटीहून जास्त उंची चालते. गोठ्याच्या ओट्यावर नेली तर झाड नऊ मीटरांवर जातं, आणि तिथून पंधरा मीटरचं झाडसुद्धा आड येणार नाही. ओट्यात पाईप काँक्रीटने गाडला, ओळंबा लावून सरळ केला. पाईप तिरका तर पुढचं सगळं तिरकं. वायर बावीस मीटर लागली. आणि डिशपुढचा तो सिग्नल पकडणारा ठोकळा, एलएनबी, सरळ बसवून चालत नाही, आपल्याकडून साधारण ४५ अंश पिळावा लागतो. पिळता पिळता क्वालिटी १२, ३०, ५८ आणि मग ७४. आई दारात उभी होती. 'आलं,' म्हणाली.

तर टीव्ही लागला. पण सुध्या, माझं मन लागत नाही. जी बाई चार महिने बंद टीव्हीसमोर बसून 'बघितल्या' म्हणू शकते, ती आणखी काय काय 'ठीक आहे' म्हणत असेल? जायच्या आदल्या रात्री तिच्या गोळ्यांची पाकिटं मोजली. बरोबर निघाली. तरी वाटतं, मी मोजणार हे तिला माहीत असेल. पुण्याला चल म्हटलं की गुरांचं निमित्त करते. गोठ्यात गुरं नाहीत, ओट्यावर डिश आहे!

पण परवा एक झालं. मी साडेआठला फोन केला, काही विचारायच्या आत तीच म्हणाली, 'तुझ्या त्या छत्रीचं काही खरं नाही. बातम्या चालू असताना जोराची सर आली, चित्राचे चौकोन चौकोन झाले आणि मग निळं झालं. दहा मिनिटं!' चांगली चिडली होती. मी फोन कानाला लावून गॅलरीत गेलो आणि हसू आवरेना. माझ्याकडे तिने कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. ही खरी होती. तसंच होतं पावसात.

तुझा गुडघा कसा आहे? ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलंय असं सुमाकडून कळलं. मनालीचं काय ठरलं, मुलगा पसंत पडला का? वहिनींना नमस्कार.

गणपतीला ये. गुडघा दुखला तर मी स्टँडवर रिक्षा घेऊन येतो. कलमाची ती फांदी गोठ्यापर्यंत जात नाही, पण वरचा शेंडा दरवर्षी हात-दीड हात वाढतोय, चार वर्षांनी पुन्हा बघावं लागेल. छाटायची तर कुठून छाटायची ते तूच दाखव. कोयतीला मी धार लावून ठेवतो.

तुझा,
दिन्या