मा. नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र: रुळांपासून इमारतीपर्यंतचा छेद आधी एका कागदावर काढा

मा. नगरविकास मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

शहराच्या मध्यभागी रुळांलगतच्या रस्त्याचा पुनर्विकास होतो आणि रूळ व रस्ता यांमधल्या पट्ट्यात उद्यान होते, तेव्हा नकाशे चार ठिकाणी तयार होतात. रस्त्याचा नकाशा पदपथाच्या कडेला संपतो, उद्यानाचा कुंपणाशी, रेल्वेचा हद्दीच्या भिंतीशी आणि बिल्डरचा भूखंडाच्या रेषेशी. काम बिघडते ते नेमके या रेषांवर. म्हणून आमची मागणी एकच आहे. एकाही इमारतीला परवानगी देण्याआधी, सर्वांत बाहेरच्या रुळापासून समोरच्या इमारतीच्या पायापर्यंत दर २० मीटरला एक आडवा छेद, म्हणजे जमीन उभी कापली तर बाजूने जसे दिसेल तसे चित्र, काढून घ्या. जमिनीखालच्या वाहिन्याही त्यात दाखवा आणि त्यावर चारही पक्षांच्या सह्या घ्या.

सुरुवात पाण्यापासून करावी लागेल. रुळांचा भराव म्हणजे पाण्याच्या दृष्टीने बांधच. अडलेले पाणी भरावाखालच्या मोऱ्यांतूनच पलीकडे जाते. पुनर्विकासात रस्ता २०-३० सेंटिमीटर वर चढतो, नव्या इमारतींची जोती त्याहून वर जातात, मोरी मात्र होती तेवढीच राहते. मग पाणी जुन्या दुकानांत आणि रुळांवर शिरते. एक हेक्टरवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०० घनमीटर पाणी साचते आणि फरसबंदीवरून त्यातले बहुतेक वाहून येते. उद्यानाचा एक हेक्टर भाग रस्त्यापेक्षा सरासरी ३० सेंटिमीटर खोल ठेवला, तर त्यात ३,००० घनमीटर पाणी मावते, म्हणजे तशाच सहा हेक्टरांवरचे तासाभराचे सगळे पाणी. बाहेर पडण्याची नळी मुद्दाम बारीक ठेवायची आणि खोलगट भाग दिवसभरात रिकामा होईल असा निचरा द्यायचा.

हे फसते कसे, तेही सांगतो. रस्ता खोदून निघालेला राडारोडा टाकायला शेजारची मोकळी जागा कंत्राटदाराला सोयीची असते आणि उद्यानाचे काम सुरू होईपर्यंत तो खोलगट भाग भरून गेलेला असतो. राडारोडा कुठे जाणार, हे निविदेतच लिहिलेले हवे. हे पाणी रुळांलगतच्या गटारातही सोडू नये. गाळ खडीत भरला की खडीचा निचरा थांबतो, खालची माती मऊ होते आणि रूळ खचतो.

जुन्या रेल्वे जमिनीची माती तपासल्याशिवाय तिथे मुलांना खेळू देऊ नये. इंजिनांची राख, तेल, लाकडी स्लीपर कुजू नयेत म्हणून त्यांना लावलेले क्रिओसोट हे डांबरी तेल आणि तण मारायला पूर्वी फवारलेली आर्सेनिकयुक्त औषधे अशा जमिनीत सापडतात. जिथे शेड किंवा इंधनाच्या टाक्या होत्या, तिथे नमुने कमी अंतरावर आणि खोलवरून घ्यावेत. सौम्य दूषित भागावर आधी ठळक रंगाचे जाड कापड अंथरावे आणि त्यावर स्वच्छ मातीचा थर द्यावा. पुढे कुणी खणले तर कापड लागताच त्याला थांबायचे कळते. अशा भागात पाणी मात्र जिरवू नये, कारण विष भूजलात उतरते. म्हणूनच माती परीक्षणाचा अहवाल आल्याशिवाय खोलगट भागाची जागा ठरवता येत नाही.

सुरक्षित अंतराकडेही पाहा. कॅनडातील नगरपालिकांचा महासंघ आणि तिथल्या रेल्वे कंपन्यांची संघटना यांनी २०१३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत मुख्य मार्गालगतच्या नव्या घरांसाठी ३० मीटर अंतर आणि घसरलेली गाडी अडवणारा अडीच मीटर उंच मातीचा बांध सुचवला आहे. त्याच वर्षी ६ जुलैला कॅनडाच्याच क्यूबेक प्रांतातील लाक-मेगांतिक गावाच्या भर मध्यभागी कच्च्या तेलाची मालगाडी घसरून ४७ जण मृत्युमुखी पडले. अडीचास एक उतार, म्हणजे आडव्या अडीच मीटरला एक मीटर चढ, धरला तर अडीच मीटर उंचीच्या बांधाला नुसत्या उतारांसाठीच साडेबारा मीटर रुंदी लागते. पट्टा १५ मीटरचा असेल तर उद्यान उरतच नाही, तिथे काँक्रीटची भिंतच घ्यावी लागेल. पट्टा रुंद असेल तर बांधाच्या रस्त्याकडच्या उतारावर बसायच्या पायऱ्या करता येतात. खेळाची जागा आणि सभेचा चौक मात्र रुळांपासून सर्वांत लांब, रस्त्याच्या बाजूला हवा.

झाडे लावली की आवाज थांबेल, हा समज सोडून द्यावा. ३० मीटर रुंदीची घनदाट झाडी सुमारे ५ डेसिबल आवाज कमी करते, झाडांची एक रांग जवळजवळ काहीच करत नाही. गाडीची चाके नजरेआड करणारी, तळाशी फट नसलेली भरीव भिंत तेवढेच काम लगेच करते. वरच्या मजल्यांना मात्र भिंतीचा उपयोग नाही. तिथे जिने, लिफ्ट आणि स्वयंपाकघरे रुळांकडे, झोपायच्या खोल्या पलीकडे, अशीच रचना लागते. कंपनांसाठी पायाखाली रबराच्या गाद्या बसवाव्या लागतात. इमारत उभी राहिल्यावर त्या घालता येत नाहीत, म्हणून कंपनांची मोजणी आराखड्याआधीच व्हायला हवी. झाड पूर्ण वाढल्यावर जितके उंच होईल, तितके तरी ते विजेच्या तारांपासून दूर हवे. पडलेली पाने रुळांवर चिरडली की चाके घसरतात, हेही उद्यान विभागाने लक्षात घ्यावे.

आता रूळ ओलांडण्याबद्दल. हद्दीची भिंत लोक कुठे फोडतात ते जागेवर जाऊन पाहा, वाट तिथेच हवी आहे. २५,००० व्होल्टच्या तारांवरून जाणाऱ्या पुलावरची चालायची वाट रुळांपासून सुमारे ७ मीटर उंच जाते. १५ सेंटिमीटरची पायरी धरली तर ४७ पायऱ्या चढायच्या आणि तितक्याच उतरायच्या. चाकाच्या खुर्चीसाठी बारास एक उतार दिला तर ८४ मीटर लांबी होते, मधले टप्पे वेगळेच. भुयारी मार्ग साधारण ४ मीटर खाली जातो: २७ पायऱ्या, ४८ मीटर उतार. रूळ भरावावर असतील तर भुयार जवळजवळ रस्त्याच्या पातळीवरच येते. लोक भुयार वापरतील, पूल टाळून भिंतच फोडतील. चालू मार्गाखाली भुयाराची काँक्रीटची पेटी ढकलायला गाड्या थांबवण्याची वेळ आणि वेगमर्यादा रेल्वेकडे आधीपासून मागावी लागते. त्याच वेळी वाहिन्यांसाठी रिकामे पाइपही टाकून घ्यावेत.

पैशांचाही क्रम आहे. उद्यान जाहीर झाले की लगतच्या जमिनीचे भाव चढतात. न्यूयॉर्कमध्ये जुन्या उन्नत रेल्वेमार्गावर केलेल्या हाय लाइन उद्यानाचा पहिला टप्पा २००९ मध्ये खुला झाला, पण लगतच्या भागाचे बांधकाम नियम २००५ मध्येच बदलले होते. परवडणारी घरे आणि जुन्या दुकानदारांचे तळमजल्यावरचे छोटे गाळे यांची अट वाढीव चटईक्षेत्राच्या त्याच आदेशात घाला, नंतर ती घालता येत नाही. बिल्डरांची वर्गणी उद्यानाच्या स्वतंत्र खात्यात जमा होऊ द्या आणि निचऱ्याचे काम पूर्ण झाल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नका.

जुन्या वाहिन्यांचे नकाशे जागेशी क्वचितच जुळतात. म्हणून पहिला आदेश चाचणी खड्ड्यांचा काढावा, पावसाआधी. नंतर सह्या झालेले छेद त्याच रस्त्यावर, दुकानदारांना वाचता येतील अशा मोठ्या आकारात लावावेत आणि हरकतींसाठी पुरेसा अवधी द्यावा.

आपले,
नगररचना, रेल्वे बांधकाम व उद्यानरचना या क्षेत्रांत काम करणारे नागरिक