लोखंड केवळ जड होते म्हणून बुडाले नाही

संपादक महोदय,

पृथ्वीला लोखंडाचा गाभा कसा मिळाला, या प्रश्नाला आपल्या शाळांतून 'लोखंड जड, म्हणून ते तळाशी बसले' एवढेच उत्तर मिळते. कराडच्या वर्गांत मीही ते वर्षानुवर्षे सांगितले. पण मुलांनी ते तसेच पाठ करावे असे मला आता वाटत नाही, कारण नुसत्या वजनाने हे काम होत नाही.

घट्ट दगडात अडकलेला लोखंडाचा कण कितीही जड असला तरी जागचा हलत नाही. एवढेच काय, लोखंड वितळले आणि भोवतीचा दगड घनच राहिला, तर कमी दाबाखाली तो रस खनिजकणांच्या सांदीकोपऱ्यांत सुट्या थेंबांनी अडकून बसतो. दगडही वितळावा लागतो. ती उष्णता लहान ग्रहपिंडांना ॲल्युमिनियम-२६ या अल्पायुषी किरणोत्सारी समस्थानिकाने दिली, तर पृथ्वीएवढ्या ग्रहाला मुख्यतः प्रचंड टकरींनी. शिलारसाचा महासागर झाला आणि त्यातून लोखंडाचे थेंब निकेल, सोने, प्लॅटिनम सोबत घेऊन खाली उतरले. सांगलीकडच्या एखाद्या फाउंड्रीत भट्टीजवळ उभे राहिलेल्यांना हे लगेच उमगेल: रस खाली, स्लॅग म्हणजे वितळलेली मळी वर, आणि तेही दोन्ही वितळल्यावरच.

हे केव्हा घडले, ते दगडच सांगतो. हाफ्नियम-१८२ या किरणोत्सारी समस्थानिकाचे अर्धायुष्य (निम्मे उरायला लागणारा काळ) सुमारे ८९ लाख वर्षे असून त्याचे टंगस्टन-१८२ होते. हाफ्नियम दगडात राहते, टंगस्टनचा ओढा लोखंडाकडे. त्यामुळे गाभा लवकर वेगळा झाला असेल, तर त्यानंतर तयार झालेले टंगस्टन वर दगडातच उरते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत पृथ्वीच्या खडकांतल्या टंगस्टनमध्ये टंगस्टन-१८२ चे प्रमाण आदिम, म्हणजे कधीच न वितळलेल्या अशनींपेक्षा किंचित जास्त आढळले आणि गाभ्याचा बराचसा भाग सूर्यमालेच्या पहिल्या सुमारे ३ कोटी वर्षांत झाला, असा निष्कर्ष निघाला. टकरींच्या वेळी आलेले लोखंड शिलारसात कितपत मिसळले यावर हा आकडा पुढेमागे होतो, हेही मुलांना सांगायला हवे.

सह्याद्रीचा काळा कातळ गाभ्यातून वर आला, असेही पुष्कळांना वाटते. गाभा सुरू होतो सुमारे २९०० किलोमीटरवर. कोयना परिसरात संशोधनासाठी घेतलेले विवर ३ किलोमीटरचे, आणि त्यात सव्वा किलोमीटरच्या आसपासच बेसॉल्ट संपून ग्रॅनाइटी खडक लागला. बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा कातळ, प्रावरणाच्या (गाभा आणि कवच यांमधल्या दगडी थराच्या) अंशतः वितळण्यातून आला. त्यातही लोखंड आहे, परंतु ऑक्सिजनशी बांधलेले. ते धातुरूप नसल्याने थेंबांत सामील झाले नाही आणि दगडातच राहिले.

आपल्या पत्राने शालेय वाचकांसाठी या विषयावर एखादा सचित्र लेख छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
कराड, जि. सातारा