जात्याची घरघर सुरतेला पोचवणाऱ्या भाऊंना

शिरपूरच्या भाऊंना,
सप्रेम नमस्कार.

आमच्या कॉम्प्युटरचा माइक तुम्ही फोनवरून सांगत चालू करून दिलात, पण पैसे घेतले नाहीत. विचारलं तर "ताई, राहू द्या" म्हणालात आणि विषय बदललात. मग आभार तरी चारचौघांत मानावेत म्हणून हे उघडं पत्र. तुमचं नाव लिहीत नाही, पण आमच्या घरात ते रोज निघतं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमचं घर अमळनेर तालुक्यात. सासूबाई आणि त्यांच्या जाऊबाई अजूनही जात्यावर बसल्या की ओव्या म्हणतात, आणि श्रावण जवळ आला की कानबाईची, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीची, गाणी सुरू होतात. नणंदा सगळ्या सुरतेला, कुणी उधन्याला, कुणी लिंबायतला. खानदेशातली किती घरं तिकडे गेली, ते इथे कुणाला सांगायला नको. या लेकींना ओव्या ऐकायच्या होत्या, नुसत्या ऐकायच्या नव्हत्या तर सोबत म्हणायच्या होत्या. त्यासाठी मुलाच्या अभ्यासाच्या डेस्कटॉपवर आम्ही व्हॉइस चॅट सुरू केलं. त्यांचा आवाज आम्हाला स्वच्छ येई. आमचा मात्र पलीकडे जाईना.

कुणी म्हणे हेडसेट बदला, कुणी म्हणे विंडोज नव्याने टाका. तुम्ही फोनवर पहिला प्रश्न विचारलात तो असा: सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग साउंड, तिथे इनपुट, बोलताना तिथली आवाजाची पट्टी हलते का? हलत नव्हती. "मग ॲपला हात लावू नका, आवाज कॉम्प्युटरमध्येच शिरत नाहीये," म्हणालात. शेवटच्या वाफ्याला पाणी येईना तर जाणता माणूस आधी विहिरीवर जाऊन मोटर बघतो, तसं तुम्ही मुळापासून बघत आलात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पट्टी बघायची. हे मला फार आवडलं.

मग तुम्ही हेडसेटची पिन बघायला सांगितलीत. तिच्यावर काळ्या कड्या किती? तीन. म्हणजे ती मोबाइलची पिन, कान आणि माइक दोन्ही एकाच पिनेत. आमच्या डेस्कटॉपला मात्र मागे वेगवेगळी भोकं, ऐकायचं हिरवं आणि माइकचं गुलाबी. हिरव्यात पिन घातली की कानात आवाज येतो, म्हणून हेडसेट ठीक आहे असं वाटतं, पण माइकची तार कुठे जोडलेलीच नसते. त्यासाठी दोन तोंडांची छोटी वायर मिळते. तीही बघून घ्यायची हे तुम्ही बजावलंत, कारण दुकानात तशीच दिसणारी दुसरी मिळते, ती एका भोकावर दोन हेडफोन लावायची असते आणि माइकच्या कामाची नसते. मुलगा बाजारात गेला तेव्हा त्याने दुकानातून तुम्हाला फोटो पाठवला आणि तुम्ही जेवण बाजूला ठेवून उत्तर दिलंत.

पट्टी हलायला लागली, तरी सुरतेला शांतताच. प्रायव्हसीमध्ये डेस्कटॉप ॲप्सना मायक्रोफोन वापरू द्यायचं बटण बंद होतं, ते चालू केलं. शिवाय विंडोजमध्ये नेहमीचा माइक आणि बोलण्यासाठीचा माइक असे दोन वेगळे ठरवता येतात, आणि आमच्याकडे बोलण्यासाठी वेबकॅमचा माइक निवडलेला होता. ते बदललं आणि नणंदबाई ओरडल्या, "येस वं येस, ऐकू येस!" आवाज बारीक होता, तर मायक्रोफोन बूस्ट वाढवायला सांगितलंत, पण वीस डेसिबलवर थांबवलंत, कारण त्यापुढे आवाजाबरोबर गुणगुणही वाढते.

कुणीही इथे थांबला असता. बोलणं सुरू झालं होतं, काम झालं होतं.

पण दुसऱ्या दिवशी पहाटे दळण सुरू झालं आणि ओवीचा लांबवलेला सूर मध्येच तुटू लागला. जात्याची घरघर तर पलीकडे पोचतच नव्हती. मी तुम्हाला परत फोन केला. तुम्ही जराही न वैतागता विचारलंत, "ताई, जातं ऐकू जायला हवं की नको?" तेव्हा माझे डोळे भरून आले, कारण हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता. लेकींना जातंच तर हवं होतं! त्यांच्या कानात आईची ओवी घरघरीशिवाय कधी आलेलीच नाही.

मग तुम्ही समजावून सांगितलंत. चॅटच्या ॲपमध्ये गोंगाट कापणारी सोय असते. ती बोलण्यासाठी बनवलेली, म्हणून पंख्यासारखा सारखा चालणारा आवाज ती गोंगाट समजते. जात्याची घरघर तिला पंख्यासारखीच वाटते, आणि ताणलेला सूरही कधी कधी त्यातच कापला जातो. ती सोय बंद केली. प्रतिध्वनी काढणारीही बंद केली, कारण आवाज स्पीकरवर नव्हता, हेडफोनमध्येच होता. आवाज आपोआप कमीजास्त करणारीही बंद. हेडसेट सासूबाईंनी डोक्यावर घालायचा, माइकची दांडी त्यांच्या तोंडाकडे, जात्यापासून हातभर लांब. आता पंखा चालू असला तर तोही पलीकडे जातो. मे महिन्यात पारा 45 वर असताना दिवसा पंखा बंद करणं शक्य नाही, म्हणून आमचं गाणं पहाटेचं. दळण पूर्वीही पहाटेच असायचं, सासूबाईंना त्यात काही वेगळं वाटलं नाही.

भाऊ, त्या पहाटे पहिला घास जात्यात पडला, खुंटा फिरला, आणि सुरतेहून धाकट्या नणंदबाईंनी दुसरी ओळ उचलली. दोन्हीकडचे सूर थोडे मागेपुढे होतात. आवाज पोचायला वेळ लागतो, त्यावर उपाय नाही, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं. म्हणून आता एक ओवी इकडून, एक तिकडून असं चालतं. सासूबाईंनी वर्षानुवर्षं न म्हटलेल्या ओव्या त्यांना आठवू लागल्या आहेत, मी त्या वहीत उतरवते आहे. हे तुमच्यामुळे. मनापासून आभार.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. तुमच्या आईंनाही गाणी येतात असं तुम्ही बोलता बोलता म्हणाला होतात. त्या रात्री त्यांना आमच्यासोबत गायला बसवा. शिरपूरकडची चाल सासूबाईंना ऐकायची आहे, त्यांनी मला दोनदा आठवण करून दिली. आणि सोमवारी विसर्जन झालं की घरी या, रोटाचा प्रसाद तुमच्या वाटणीचा काढून ठेवलेला असेल.

तुमची,
अमळनेरची ताई