अधिकमास आणि ३० फेब्रुवारी

स्टॉकहोम,
२० मे २०२६

ती. बाबांना सा. न.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तिकडच्यांना अधिकमास काय कळणार!" आणि मागून आईचा आवाज, जावई नेमके धोंड्याच्या महिन्यात लांब.

इथे भिंतीवरच्या कॅलेंडरात आठवड्यांना नंबर असतात. दातांची डॉक्टरीण सरळ 'बाविसाव्या आठवड्यात या' म्हणते. पण याच शिस्तीच्या लोकांनी एकदा चक्क ३० फेब्रुवारी पाळलाय!

जुनं ज्युलियन वर्ष खऱ्या वर्षापेक्षा ११ मिनिटांनी मोठं. साचलेला फरक काढायला १५८२ मध्ये पोपने ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला. स्वीडन प्रॉटेस्टंट, म्हणजे पोपला न मानणारं, त्यामुळे इथे घोडं अडलं. शेवटी ठरलं की १७०० पासून ४० वर्षं लीप दिवस धरायचाच नाही, म्हणजे फरक आपोआप जिरेल. १७०० चा दिवस गाळला. मग युद्ध पेटलं आणि १७०४, १७०८ ला तो नेहमीसारखा धरला गेला! तारीख ना जुन्या कॅलेंडरशी जुळे, ना नव्याशी. वैतागून बाराव्या चार्ल्स राजाने जुनंच परत आणलं आणि गाळलेला दिवस भरायला १७१२ च्या फेब्रुवारीला ३० दिवस दिले. नवं कॅलेंडर आलं ते १७५३ मध्ये, १७ फेब्रुवारीनंतर एकदम १ मार्च.

त्यापेक्षा आपली रीत मला पक्की वाटते. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा ११ दिवसांनी लहान, म्हणून ज्या चांद्रमहिन्यात सूर्य रास बदलत नाही तो अधिक. यंदा ज्येष्ठाची पाळी. राजा लढाईवर असला तरी अडत नाही.

पण कट्ट्यावर फार मिरवू नका हं. विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या संक्रांतीचा, तारीख १२ जानेवारी. आता संक्रांत १४-१५ ला येते, कारण आपलं निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेलं, वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा २० मिनिटांनी मोठं. साधारण ७० वर्षांत एक दिवस सरकतो. खरं उत्तरायण तर २१-२२ डिसेंबरलाच सुरू झालेलं असतं.

तुम्ही त्र्यंबकचं विचारलं होतंत. उत्तरेकडच्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस लागतो आणि गर्दीही तेव्हापासूनच. निवांत दर्शन हवं असेल तर गुरुपौर्णिमेच्या आतच जाऊन या. ब्रह्मगिरीची फेरी मात्र यंदा नको, गुडघा सांभाळा.

तुमची,
छकुली