रविवारचा ट्रॅक डे : गाडी लागणाऱ्यांसाठी

सभासदहो, रविवारी ट्रॅक डेला, म्हणजे चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या रेसिंग ट्रॅकवर गाड्या पळवायला येणाऱ्यांपैकी ज्यांना गाडी लागते त्यांनी संकोच न करता आधीच सांगा. त्रास शेजारी बसणाऱ्याला जास्त होतो. चालवणाऱ्याचं शरीर वळणासाठी आधीच तयार असतं. शेजारी बसलात तर मोबाइल खिशात ठेवा आणि वळणाच्या पुढे लांब बघा. सकाळी इडली चालेल, तेलकट वडा नको. रिकाम्या पोटीही येऊ नका. गाडी लागू नये म्हणून घेतलेल्या बहुतेक गोळ्यांनी झोप येते, त्या घेतलेल्यांना स्टिअरिंगवर बसू देणार नाही. तोंडात पाणी जमू लागलं, थंड घाम फुटला की लगेच सांगून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथे या, लॅप (ट्रॅकची फेरी) पुरा करायच्या मागे लागू नका. बंद हेल्मेटमध्ये उलटी झाली तर श्वास कोंडू शकतो. पिटमध्ये सावली, पाणी आणि आलेपाक असेल.