रामबागेतल्या काकांना, फॅन बेल्टसाठी थँक्यू

काका, तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "चल रे, त्यात काय" म्हणून हात झटकता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, आता ऐकून घ्यावंच लागेल.

पावसाळी सकाळी गाडी स्टार्ट केली की चींऽऽऽ करून अख्खी गल्ली जागी, एसी आणि हेडलाइट लावले की आणखी जोरात. वर्कशॉपवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटं बघितलं न बघितलं आणि अल्टरनेटर (बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) गेला, नवीनच टाका म्हणाला. आम्हाला नाशिकला निघायचं, वाटेत बिजासन घाट, आणि आईचं "ट्रेननेच जाऊ" सुरू झालेलं.

तुम्ही आधी मल्टिमीटर लावलात. इंजिन चालू, बॅटरीवर 14.2 व्होल्ट. "चार्जिंग तर नीट करतोय बिचारा, त्याला कशाला काढायचा?" मग ती बुचाला भोक पाडलेली पाण्याची बाटली. फिरत्या बेल्टच्या खाचांवर लांबूनच जराशी पिचकारी मारली आणि आवाज एकदम वाढला. पाण्याने वाढला तर बेल्ट घसरतोय, ताण कमी आहे, आणि थोडा वेळ गप्प बसून परत चिवचिव करायला लागला तर पुल्या, म्हणजे बेल्ट ज्यांवरून फिरतो ती चाकं, एका रेषेत नाहीत, हे तुमचं वाक्य मी फोनमध्ये टाईप करून ठेवलंय.

मग गाडी बंद, किल्ली तुमच्या खिशात (हे मला फार आवडलं), बेल्ट काढला आणि एकेक पुली मला हाताने फिरवायला लावलीत. अल्टरनेटरची मस्त गुळगुळीत फिरली. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरची मात्र खरखर बोटांना कळत होती, आणि त्याचा दांडा चालू इंजिनवर थरथरत होता तो का तेही तेव्हाच समजलं, स्प्रिंगमध्ये दमच नव्हता. बेल्टवर चीर एकही नाही, पण हे ईपीडीएम नावाच्या नव्या रबराचे बेल्ट जुन्यांसारखे लवकर तडकत नाहीत, टायरसारखे झिजतात, खाचा रुंद होतात आणि पकड जाते, ते नव्या बेल्टशेजारी ठेवून नखाने दाखवलंत. आवाज बंद करायचा स्प्रे मी विचारला तेव्हाचा तुमचा चेहरा अजून आठवतो!

बेल्ट आणि टेन्शनर, बस्स, अल्टरनेटर जुनाच आहे आणि गाडी गप्प. आमच्या गाडीत वॉटर पंप त्याच बेल्टवर आहे, म्हणजे घाटात तुटला असता तर बॅटरीचा लाल दिवा लागून पाठोपाठ इंजिन तापलं असतं, आणि असा दिवा लागला तर पुढचं गाव न बघता तिथेच गाडी बाजूला घे, हे तुम्ही निघताना परत बजावलंत. आईने ऐकलं, ती आता मला दर टोलनाक्यावर विचारते दिवा लागला का म्हणून.

पैसे घेत नाही तर रविवारी पोहे-जिलेबी घेऊन येतो. आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या जोशीकाकूंच्या गाडीचा पण चींचीं सुरू झालाय, त्यांना तुमचं घर दाखवून ठेवलंय, रागावू नका.